डीवाय पाटीलला मॅच बघायला सांगलीहून येतोय, कॅम्पस आणि नेरूळ कसं फिरायचं?

मिरजेचा_मामा

नमस्कार मंडळी. माझी भाची शाळेच्या टीममध्ये खेळते, लेफ्टी ओपनर आहे, आता सांगलीची लेफ्टी ओपनर म्हटल्यावर घरात भिंतीवर कुणाचा फोटो असणार हे सांगायला नको. २०२५ च्या वर्ल्डकपपासून तिचं एकच टुमणं चालू आहे की मामा मला ते ग्राउंड बघायचंय. स्मृती मानधनाने न्यूझीलंडविरुद्ध १०९ मारले ते तिथंच, सेमीफायनल तिथंच, फायनल तिथंच. तर डब्ल्यूपीएल म्हणजे बायकांची आयपीएल, किंवा त्यांची कुठलीही मॅच तिथं लागली की तिला घेऊन यायचं असं कबूल केलंय. माझं म्हणाल तर मी मुंबईला येतो ते कामापुरता, दादर आणि परत, नवी मुंबईतलं काही म्हणजे काही माहीत नाही. ऐकलंय की ते स्टेडियम कॉलेजच्या आवारातच आहे, मग मॅच नसताना आदल्या दिवशी जाऊन आतून बघायला सोडतात का? कॅम्पसमध्ये फिरता येतं का? उतरायचं कुठं, खायचं कुठं, आणि मॅच रात्री उशिरा संपली तर पोरीला घेऊन परत कसं यायचं? मुक्काम एक रात्र, फार तर दोन. आणि खरं सांगा, त्या एका मैदानासाठी एवढं लांब येण्यात अर्थ आहे का, का थेट वानखेडे दाखवू तिला?

हार्बरवाला

मामा आधी यायचं सांगतो. ट्रॅव्हल्सने येत असाल तर दादरपर्यंत जाऊच नका. पुण्याकडून येणाऱ्या बहुतेक गाड्या सायन-पनवेल हायवेने येतात आणि स्टेडियम हायवेला लागून, डाव्या हाताला आहे. पहाटे क्लीनर झोपेतल्या आवाजात ओरडत येतो बघा, "बेलापूर, उरण फाटा, एलपी, जुईनगर, सानपाडा, वाशी", त्यातलं एलपी तुमचं. नेरूळ एलपी म्हणा. आधीच क्लीनरला सांगून ठेवा नाहीतर तो वाशीला नेऊन सोडेल आणि वर म्हणेल मी ओरडलो होतो. महालक्ष्मीने येणार असाल तर ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बरची नेरूळ किंवा पनवेल लोकल पकडा, वाशीची नको, ती सानपाड्याला वळते.

नेरूळ स्टेशनला पूर्वेला बाहेर पडायचं. तिथून रिक्षा मीटरने मिळते, मिनिमम २६ रुपये, स्टेडियम फार लांब नाहीच, चालत वीस-पंचवीस मिनिटं. मॅचच्या दिवशी मी तर म्हणतो चालतच जा, निळ्या जर्सीवाल्यांच्या मागे मागे गेलं की पत्ता विचारायला लागत नाही, आणि स्टेशनच्या बाहेरच गालावर तिरंगा काढून देणारी पोरं बसलेली असतात, भाचीला ते आवडेल.

डीवायची_जुनी_पोरगी

मी तिथे फिजिओ केलंय म्हणून कॅम्पसचं सांगते. मामा, पहिली गोष्ट, ते कॉलेजच्या आवारात "पण" एक स्टेडियम आहे असं समजून या. मेडिकल, डेंटल, इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर सगळं आजूबाजूला, शेजारी मोठं हॉस्पिटल, त्यामुळे आडव्या दिवशी गेलात तर तुम्हाला दिसतील पांढरे एप्रन घातलेली, हातात चहाचे कप घेऊन व्हायवाचं टेन्शन घेतलेली पोरं आणि त्यांच्या डोक्यावर तो एवढा मोठा वाडगा. आत ग्राउंडवर सहसा कुणाला सोडत नाहीत, गेटवरचा वॉचमन विचारणारच कुणाकडे जायचंय. विनंती करून बघायला हरकत नाही, पण त्या भरवशावर पोरीला घेऊन येऊ नका. बाहेरून स्टेडियम झकास दिसतं, फोटो काढून होतात, बास.

पण एक गोष्ट लोकांना माहीत नसते. त्या मोठ्या स्टेडियमच्या बाजूलाच युनिव्हर्सिटीचं अजून एक ग्राउंड आहे. डीवाय पाटील टी-ट्वेंटी कप म्हणून ऑफिसांच्या टीम्सची स्पर्धा होते, आयपीएलच्या आधी, साधारण फेब्रुवारीच्या आसपास, त्याच्या मॅचेस दोन्हीकडे असतात. ऑफिसांच्या टीम्स म्हणून नाक मुरडू नका, इंजरीतून परत येणारे मोठमोठे प्लेअर तिथे खेळून जातात. २०२० मध्ये हार्दिक पंड्याने याच स्पर्धेत ५५ बॉलमध्ये नाबाद १५८ कुटले होते, २० सिक्स. आम्ही लेक्चर बुडवून असल्या मॅचेस बघितल्यात. छोट्या ग्राउंडवर बाउंड्रीच्या इतकं जवळ उभं राहता येतं की बॅटर रनर-एंडला काय शिव्या घालतोय ते पण कळतं. क्रिकेट शिकणाऱ्या पोरीला खरं बघायचं असेल तर हे बघू दे. फ्लडलाइट आणि डीजेच्या गोंगाटात तिला फूटवर्क काय डोंबल दिसणार.

आणि हो, हॉस्पिटलच्या बाजूच्या रस्त्यावर गाडी लावून मॅचला जाऊ नका प्लीज. सगळे "पाचच मिनिटं" म्हणून लावतात. मागून ॲम्ब्युलन्स येते तेव्हा आतला माणूस मॅच बघायला आलेला नसतो.

ठाणेकर_तात्या

वानखेडे ते वानखेडे. मी १९८७ पासून मॅचेस बघतोय. चर्चगेटला उतरा, चालत जा, मॅच झाली की मरीन ड्राइव्हवर बसा, इतिहास आहे त्याला. डीवायला काय आहे, हायवे आणि बिल्डिंगी. सेक्टर सात, सेक्टर अमुक, माणूस पत्ता सांगतोय का गणिताचा पेपर सोडवतोय तेच कळत नाही.

मामा माझं ऐकाल तर पोरीला वानखेडे दाखवा आणि ठाण्यात उतरताय तर सकाळी मामलेदार मिसळ खाऊन पुढे जा, नवी मुंबईत असली मिसळ मिळायची नाही. तिखट सांगू नका, साधी सांगा, ती पण कान लाल करते.

नेरूळगावचा_बंड्या

तात्या, इतिहास काढताय तर काढूच. आयपीएलची पहिली फायनल कुठे झाली? १ जून २००८, डीवाय. राजस्थानने चेन्नईला शेवटच्या बॉलवर हरवलं, सोहेल तन्वीरने विनिंग रन काढला, युसुफ पठाणने ५६ मारून वर ३ विकेट काढल्या. स्टेडियम उघडून तेव्हा तीन महिने झाले होते, ४ मार्च २००८ चं उद्घाटन. आणि बरोबर १५ वर्षांनी, ४ मार्च २०२३ ला डब्ल्यूपीएलची पहिली मॅच, ती पण इथेच, मुंबई विरुद्ध गुजरात. म्हणजे दोन्ही लीगची मोठी पानं इथलीच. बायकांच्या क्रिकेटचं म्हणाल तर आता वानखेडेने आमच्याकडे शिकवणीला यावं.

११ डिसेंबर २०२२ ची मॅच आठवते का कुणाला? इंडिया-ऑस्ट्रेलिया, दोघांचे १८७, टाय, मग सुपर ओव्हर. एन्ट्री फुकट होती, चाळीस हजाराच्या वर पब्लिक. आमच्या गावातल्या आज्या नातवंडांना घेऊन गेल्या होत्या, ज्यांना एलबीडब्ल्यू म्हणजे काय ते आजपण माहीत नाही. स्मृतीने ७९ मारले आणि सुपर ओव्हरमध्ये परत तीच. जिंकल्यावर टीमने पूर्ण ग्राउंडला चक्कर मारली. त्या दिवशी मला वाटतं पहिल्यांदा सगळ्यांना कळलं की बायकांच्या मॅचला पब्लिक येतं, फक्त आणायची जागा लोकलच्या स्टेशनजवळ पाहिजे.

आणि बसायचं म्हणाल तर हफीझ कॉन्ट्रॅक्टरने डिझाइन केलंय, छप्पर असं बाहेर काढलंय की मधे खांबच नाहीत, कुठेही बसा पूर्ण ग्राउंड दिसतं. खांबामागून मान वाकडी करून मॅच बघायची सवय असलेल्यांना इथे चुकल्यासारखं होत असेल तर माझा नाइलाज आहे.

ठाणेकर_तात्या

फ्री एन्ट्रीला पब्लिक कुठेही येतं बंड्या. २००९ ची वनडे पण सांग ना मग. ऑस्ट्रेलियाविरुद्धची. तिकीट होतं माझ्याकडे.

नेरूळगावचा_बंड्या

तात्या ते फयान वादळ होतं, त्याला डीवायने बोलावलं नव्हतं 😄 एकही बॉल पडला नाही त्या मॅचला. तेवढं मान्य. पाऊस आमच्याकडे जरा जास्तच प्रेमाने येतो, वर्ल्डकप फायनल पण त्याने दोन तास लांबवलीच, आणि बांगलादेशची मॅच तर धुऊनच गेली. पण फायनलला काय झालं ते पण सांगू ना. इंडिया २९८, शफालीचे ८७ आणि वर दोन विकेट, जी मुळात टीममध्ये पण नव्हती, ओपनर प्रतीका जखमी झाली म्हणून आली. दीप्तीचे ५८ आणि ५ विकेट. साउथ आफ्रिकेची कॅप्टन वोल्व्हार्ट खेळत होती तोवर आमच्या स्टँडमध्ये कुणी जागचं हललं नाही, वडापाववाला पण ट्रे खाली ठेवून उभा होता. तिचा कॅच अमनजोतने दोन-तीनदा उडवत उडवत पकडला तेव्हा माझ्या शेजारच्या अनोळखी काकूंनी माझा शर्ट ओढून फाडला, खरंच फाडला, खिसा गेला. मग सॉरी म्हणून त्यांनी मला चकल्या दिल्या, त्या आत कशा आणल्या ते विचारू नका.

मिरजेचा_मामा

मंडळी भारी माहिती. भाचीला वाचून दाखवलं, तिनं तात्यांना नमस्कार सांगितलाय आणि म्हणतीय वानखेडे नंतर बघू 😀 टी-ट्वेंटी कपचं मला खरंच माहीत नव्हतं, ते डोक्यात घेतो. आता मला सांगा रात्री परतायचं कसं आणि दिवसा काय बघायचं. एकट्या ग्राउंडसाठी आणली तर तिची आई मला बोलेल, काहीतरी इतर पण दाखवायला पाहिजे. पोरगी तेरा वर्षाची आहे, देवळाबिवळात रमणारी नाही. आणि स्टेडियममध्ये काय न्यायचं काय नाही?

डीवायची_जुनी_पोरगी

आत नेऊ देत नाहीत त्यात पाण्याची बाटली, पॉवरबँक, मोठी बॅग, हेल्मेट, आणि बरेचदा सुट्टी नाणी पण गेटवर काढून घेतात. म्हणून मोबाइल फुल चार्ज करून या आणि तिकीटाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, गेटजवळ गर्दीत नेटवर्क मरतं. पण आधी तिकीट नीट वाचा, कधीकधी मोबाइलवरचं चालत नाही आणि कागदी तिकीट दुसरीकडून घ्यावं लागतं, ते आदल्या दिवशीच उरका. पोटभर खाऊन जा. स्टेडियम कुठलंही असो, आतलं खाणं म्हणजे भाव बघून भूक मरते. संध्याकाळच्या मॅचला जानेवारीत खाडीकडून गार वारा सुटतो, भाचीला एक स्वेटर असू दे. दव पण भरपूर पडतं, दुसऱ्या इनिंगला बॉलर सारखे टॉवेलने बॉल पुसताना दिसतील, तिला ते मुद्दाम दाखवा. टॉस जिंकून कॅप्टन बॉलिंग का घेते हे टीव्हीवर नुसतं ऐकण्यापेक्षा असं कळतं.

मी होस्टेलला होते तेव्हा २०१० ची फायनल झाली, मुंबई-चेन्नई. तिकीट परवडणारं नव्हतं. आम्ही टीव्ही रूममध्ये होतो आणि गंमत अशी की टीव्हीच्या आधी आवाज खिडकीतून यायचा. मुंबईचा पोलार्ड मारायला लागला, बाहेरून नुसता गडगडाट, आणि मग एकदम सगळं गप्प. टीव्हीवर अजून बॉल टाकायचा होता. आम्हाला कळलं गेला. मग टीव्हीवर दिसलं, धोनीने हेडनला बॉलरच्या सरळ मागे उभं केलं होतं आणि कॅच बरोबर त्याच्या हातात. आमच्यातली एक तर टीव्हीवर आउट व्हायच्या आधीच रडायला लागली होती.

नेरूळगावचा_बंड्या

दिवसाचं माझ्याकडे लागलं. थंडीत आलात तर सकाळी लवकर उठून पश्चिमेला डीपीएस शाळेच्या मागचा तलाव, नाहीतर पामबीच रोडला टीएस चाणक्यच्या मागे जा. फ्लेमिंगो. नोव्हेंबरनंतर यायला लागतात ते मेपर्यंत असतात, सगळ्यात जास्त फेब्रुवारी-मार्चच्या पुढे. नशिबाचा भाग आहे, भरती-ओहोटी बघून जावं लागतं, तलावाचं पाणी जास्त झालं की बसत नाहीत. पण दिसले तर अख्खं पाणी गुलाबी दिसतं. ज्वेल ऑफ नवी मुंबई म्हणून तळ्याभोवती चालायचा ट्रॅक आहे, तो पण तिकडेच, जवळपासच्या बिल्डिंगमधले सगळे काका सकाळी तिथे हात हलवत फिरत असतात. पूर्वेला वंडर्स पार्क आहे, जगातल्या सात आश्चर्यांच्या नकला आणि छोटी ट्रेन, तेरा वर्षाची पोर कदाचित नाक मुरडेल पण फोटो काढेल. मॉल पाहिजे असेल तर एक स्टेशन पुढे सीवूड्स, स्टेशनच्या डोक्यावरच मॉल, उन्हात जायलाच नको.

खायचं म्हणाल तर नेरूळ, शिरवणे, दारावे, करावे ही सगळी मूळची आगरी-कोळी गावं. सिडको आली, सेक्टर पडले, बिल्डिंगी झाल्या, पण गावं मधे तशीच आहेत. स्टेडियमपासून जुईनगरच्या बाजूला चालत गेलात की शिरवणे गाव लागतं. गावठाणाच्या आसपास घरगुती खानावळी आहेत, तांदळाची भाकरी, बोंबील, जवळा, कोलंबीचं कालवण. नाव सांगत नाही, एकाचं सांगितलं की दुसरा भांडायला येईल, सगळे नात्यातले. दारात चपलांचा ढीग दिसेल तिथे शिरा. आणि तुमच्याकडच्या पांढऱ्या रश्शाची अपेक्षा घेऊन येऊ नका, इथे नारळ आणि आगरी मसाला.

फुटबॉलवाला_वाशी

क्रिकेटच क्रिकेट चाललंय म्हणून मधे बोलतो. हेच ग्राउंड फुटबॉलचं पण आहे. २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्डकपची स्पेन-माली सेमीफायनल इथे झाली, २०२२ ला मुलींच्या अंडर-१७ वर्ल्डकपची फायनल इथे, स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं. त्याच वर्षी बायकांच्या एशियन कपची फायनल पण, चीन दोन गोलने मागे होती आणि ३-२ जिंकली. आयएसएल या फुटबॉल लीगच्या पहिल्या सीझनला मुंबई सिटी इथे खेळायची, मॉरिट्झने पुण्याला हॅटट्रिक मारली, ५-०, तेव्हा मी कॉलेजला होतो आणि वाशीहून सायकलने गेलो होतो. क्रिकेटचं ग्राउंड असल्यामुळे लांबून बघावं लागतं हे खरं, पण वरच्या मजल्यावरून टीमचा शेप मस्त कळतो. मामा, वरचं तिकीट स्वस्त असेल तर बिनधास्त घ्या. क्रिकेटला पण वरून फील्ड प्लेसमेंट दिसते, खालून नुसता प्लेअरचा चेहरा.

हार्बरवाला

परतीचं राहिलं. मॅच संपली की सगळे एकदम बाहेर पडतात आणि रिक्षावाले मीटर विसरतात, ॲपवर गाडी दिसते दोन मिनिटं आणि येत नाही अर्धा तास, कारण सर्व्हिस रोडच जाम असतो. म्हणून दोनच मार्ग. एकतर बक्षीस समारंभ संपेपर्यंत आतच बसा, गर्दी ओसरू दे, पोरीला प्लेअर पण जवळून दिसतील. नाहीतर सरळ स्टेशनकडे चालायला लागा, मॅचच्या रात्री रस्ता भरलेला असतो, पोलीस असतात, पोरीला घेऊन काही भीती नाही. नेरूळला फारच गर्दी वाटली तर जुईनगर, चालायला जरा जास्त पण प्लॅटफॉर्म रिकामा. मुक्काम वाशी किंवा बेलापूरला केलात तर लोकलने दोन-तीन स्टेशनांचा प्रश्न आहे, ठाण्याला किंवा दादरला केलात तर शेवटची गाडी किती वाजता ते एम-इंडिकेटर ॲपवर आधी बघून ठेवा, सुपर ओव्हर झाली तर रेल्वे थांबणार नाही.

आणि मॅच रविवारी असेल तर शनिवारी रात्रीच मेगाब्लॉक बघा. हार्बर आणि ट्रान्सहार्बर दोन्हीला रविवारी दिवसा ब्लॉक असतो, कधी पनवेल-वाशी, कधी ठाणे-वाशी, बदलत असतं. ब्लॉक असेल तर ठाण्याला उतरायच्या भानगडीत पडू नका, सरळ ट्रॅव्हल्सने एलपीला उतरा.

मिरजेचा_मामा

ठरलं, ट्रॅव्हल्सच. मुक्काम वाशीला, तिकीट वरच्या मजल्याचं, आणि जेवण शिरवण्यात. बंड्या, तिकडं आलो की तुला मेसेज टाकतो, भाची मासे खात नाही तेवढं आधी सांगून ठेवतो.

नेरूळगावचा_बंड्या

मग भाकरी आणि वालाचं बिरडं. पाठवा मेसेज.